बावीस मुलांचा नाताळ

माझी मुलगी पहिलीत होती. तिला धरून वर्गात तेवीस मुलं होती आणि नाताळच्या पार्टीच्या यादीत मी बावीसच नावं घेतली.

पार्टी घरी करायची वेळ आली ती शाळेमुळे. आमच्या माजलगावातली ही इंग्रजी शाळा दरवर्षी डिसेंबरात मुलांना लाल टोप्या घालून नाचवायची. आदल्या वर्षी काही लोक संस्थेत जाऊन भांडले, की आमच्या लेकरांना हे कशाला शिकवता. संस्थेनं घाबरून कार्यक्रमच बंद केला. मुलं रडली. मग वर्गातल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली, की कुणाच्या तरी घरी करू. तासभर सगळ्या 'हो हो' करत होत्या, पण घर कुणी देईना. शेवटी मी लिहिलं, 'आमच्याकडे करू.'

कारण खरं सांगते. आम्ही नुकताच दुकानावर मजला चढवला होता. खाली मोंढ्याच्या बाजारातलं खत-बियाणांचं दुकान, वर आमचं घर आणि त्यात मोठा हॉल, पांढरी फरशी, छताला लपवलेले दिवे. तो हॉल त्या बायकांना अजून दाखवायचा राहिला होता. परळीला थर्मलच्या राखेच्या धुरळ्यात, दोन खोल्यांत वाढलेली मी. आलेल्या माणसानं जिना चढून वर यावं आणि क्षणभर गप्प व्हावं, ही माझी फार जुनी हौस.

सासूबाईंनी एकच अट घातली. "काय करायचं ते कर, पण माझ्या घरात अंडं येणार न्हाई." गळ्यातल्या शिवलिंगाला हात लावूनच म्हणाल्या, म्हणजे विषय संपला. केक बिनअंड्याचा ठरला. झाड संभाजीनगरहून आलं, प्लास्टिकचं. बर्फासाठी नवऱ्यानं जिनिंग मिलवरून पिशवीभर कापूस आणला. सांताचा पोशाख ऑनलाइन मागवला, त्यानं वाटायला चॉकलेटचे पुडे बांधले. आणि सांता होणार होता माझा दीर. उंचापुरा, ढेरीही होती, आवाज सभेत बोलून तयार झालेला.

पण नाताळ म्हणजे नक्की काय करतात, हे मला कुठं माहीत होतं? टीव्हीत पाहिलं होतं तेवढंच. आमच्या ओळखीत एकच ख्रिस्ती बाई होती, शाळेतली मावशी. साठीच्या आसपासची, काटक, बोलायला फटकळ. लहान वर्गातल्या मुलांना संडासला नेणं, धुणं, कुणी उलटी केली तर पुसणं, ही तिची कामं. आमच्या मुलांची शी-शू काढणारी म्हणून सगळ्या आया तिच्याशी गोड बोलायच्या, पण जरा हातभर लांबून.

एक दिवस शाळा सुटताना मी तिला गाठलं. "मावशी, तुमच्यात नाताळला काय काय करतात हो?"

ती हसली. तिला असं आजवर कुणी विचारलंच नसावं. "काय करणार ताई, तुमच्या दिवाळीवानीच. करंज्या करतो, शंकरपाळे करतो. घरावर चांदणी लावतो. रात्री आमच्या देवळात, चर्चमधी, गाणी म्हणतो, लेकरं नाटक करत्यात. ह्या साली माझी नात देवदूत हाय." सांगताना तिचा चेहरा खुलला होता. दोन दिवसांनी तिनं मला कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची एक मोठी चांदणी करून आणून दिली, आत बल्ब सोडायला भोक ठेवलेली. मी मागितलीही नव्हती. सासूबाई म्हणाल्या, रस्त्याच्या बाजूनं लावू नको, लोक काय समजतील. मी ती हॉलमध्ये पडद्याच्या आड टांगली.

तिची नात म्हणजे तो तेविसावा नंबर. सरकारी कोट्यातून तिला आमच्या शाळेत जागा मिळाली होती. आई-बाप तिकडं पुण्याच्या बाजूला कामाला, पोर आजीजवळ. माझ्या मुलीच्याच बाकावर बसायची. दोघी एकमेकींचा डबा खायच्या, हे मला मुलीनंच सांगितलं होतं आणि मी तिला रागावले होते.

निमंत्रणाची यादी करताना ग्रुपमधल्या एकीनं मला वेगळा मेसेज केला, 'ती पण येणार का गं?' एवढंच. तिनं काही वाईट लिहिलं नव्हतं. मी उत्तर दिलं, 'तिचा स्वतःचाच सण असतो ना त्या दिवशी, ती कशी येणार?' लिहून झाल्यावर ते मलाच पटलं. किती सोयीचं कारण होतं! ज्या मुलीचा सण, तिला त्याच कारणानं वगळता येत होतं. माझ्या मुलीनं विचारलं तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "पण ती तर म्हणाली मी येणारे." मी म्हटलं, "तू गप्प बस आणि कार्डावर चमकी लाव."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बावीस मुलं म्हणजे बावीस वेळा बाथरूम. आमच्या पांढऱ्या फरशीवर कुणी शू केली तर? मी मावशीला म्हटलं, "चोवीस तारखेला संध्याकाळी जरा मदतीला याल का?"

तिनं विचार केला. "सातला देवळात जायाचंय. त्याच्या आत सोडलं तर येते. पण नातीला आणावं लागंल. घरी कुणी न्हाई."

"आणा की. बसेल स्वयंपाकघरात."

तिनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. "बरं," म्हणाली.

चोवीसला ती साडेतीनलाच आली. बरोबर नात, देवदूताच्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये. फ्रॉक घरीच शिवलेला दिसत होता, आणि पाठीला पुठ्ठ्याचे पंख, त्यावर चांदीचा कागद. पोर सरळ हॉलकडं निघाली. मी तिच्या खांद्याला धरून वळवलं. "बाळा, तिकडं फ्रॉक खराब होईल. तू इथं बस हं." तिला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि हातात वेफरची पुडी दिली. मावशी ओट्याशी उभी होती. पदर खोचला आणि कामाला लागली.

मुलं आली, आया आल्या. जिना चढून वर आल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मला हवं होतं ते मिळालं. एकीनं फरशीला हात लावून पाहिला. दुसरी म्हणाली, "बाई गं, आम्हाला वाटलं खतवाल्याचं घर, खताचा वास येत असेल." सगळ्या हसल्या. मीही हसले. माझी मुलगी लाल फ्रॉक घालून दारात उभी राहून प्रत्येकानं आणलेल्या भेटीचा पुडा घेत होती आणि वजनाचा अंदाज घेत होती. कुणी हलका पुडा दिला की तिचं तोंड पडायचं. कुणी तिला ते शिकवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

संगीतखुर्ची झाली. केक कापला. कापसाचे गोळे एकमेकांवर फेकून झाले. मावशी मधूनमधून एकेका पोराला हाताला धरून बाथरूमकडं न्यायची, आणायची. पाच वाजता सांता यायचा होता. सव्वापाचला मी दिराला फोन लावला.

"वहिनी, न्हाई जमणार."

"म्हणजे?"

"अहो, नगरपालिकेचं इलेक्शन तोंडावर आलंय. त्या टोपीत माझा एक फोटो निघाला ना, तर विरोधक चौकात लावतील. तुमी दुसरं कुणी बघा."

नवऱ्याला फोन केला तर त्यानं दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवून दिला. तो खालीच होता, वीस पायऱ्यांवर. इकडं मुलं 'सांता, सांता' करून पाय आपटत होती. आया माझ्याकडं पाहत होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या तोंडावर हसू होतं, आणि ते कसलं आहे हे मी ओळखलं. उद्या ग्रुपवर काय काय बोललं जाईल ते मला ऐकू येऊ लागलं.

मी पोशाखाची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"मावशी, हे घाला. दहा मिनिटं फक्त."

तिनं पिशवीत डोकावलं. "न्हाई ताई. मला न्हाई जमायचं हे."

"काही बोलायचं नाही. जायचं, पुडे वाटायचे, यायचं."

"आमच्या देवळात हे सांताबिंता काई नसतंय. आन् मी म्हातारी बाई. लेकरं हासतील."

"लेकरांना काय कळतंय? दाढी लावल्यावर कोण ओळखतंय?" तरी ती हलेना. मग मी म्हटलं, "सण तुमचा, तुमच्या सणासाठी मी एवढं केलं, आणि तुम्हीच नाही म्हणता?"

तिनं पिशवी माझ्याकडं सरकवली. मी आणखी एक वाक्य बोलले. "शाळेत रोज तोंड बघायचंय आपल्याला एकमेकींचं."

हे वाक्य मी सहज बोलले नव्हते. आमच्या सासऱ्यांचं संस्थेत उठणं-बसणं होतं, आणि मावशीला ते माहीत होतं.

तिनं नऊवारीवरूनच लाल पायजमा चढवला. लुगड्याचा बोंगा आत दाबला. मी कोट घातला, पट्टा आवळला, पोटाशी उशी खोचली. अंबाड्यावर टोपी बसेना, म्हणून अंबाडा सोडायला लावला. दाढीचं इलॅस्टिक कानामागं अडकवताना तिचा श्वास माझ्या हाताला लागला. नात पाटावरून उठून बघत होती. तिला हसू येत होतं. "आज्जे, तू म्हातारा झालीस."

"गप," मावशी म्हणाली.

मी हॉलचे दिवे बंद केले, झाडाचे तेवढे ठेवले. गाणं लावलं आणि मावशीला दारातून आत ढकललं. ढकललं हाच शब्द बरोबर आहे. माझा हात तिच्या पाठीवर होता.

पहिली दोन मिनिटं छान गेली. मुलांनी आ वासला. एका छोट्यानं हात जोडले, तो देव समजला असावा. मावशी वाकून एकेकाला पुडा देत होती. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. माझ्या मुलीचा नंबर आला. तिनं पुडा घेतला, आणि देणाऱ्या हाताकडं पाहिलं. मनगटावर हिरवं गोंदण होतं. शाळेत रोज तिची चड्डी वर करणारा हात तो.

"ही तर मावशी आहे!"

कुणीतरी दिवा लावला. "मावशी! मावशी!" दोघं-तिघं नाचायला लागले. इथवर ती गंमतच होती. मावशी हसली असती आणि आत निघून गेली असती. पण माझी मुलगी झाडाजवळ उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "शीवाली मावशी सांता झाली!"

मग ते सुरू झालं. बावीस मुलांना एकदम एक शब्द सापडला. "शीवाली सांता! शीवाली सांता!" टाळ्यांवर, तालात. एकानं उडी मारून दाढी ओढली, ती इलॅस्टिकवर ताणली जाऊन सटकन तोंडावर बसली. तो आवाज सगळ्यांना आवडला. मग दुसऱ्यानं ओढली, तिसऱ्यानं ओढली. ज्यानं हात जोडले होते, त्यानं हातातला केक तिच्या कोटाला पुसला. एक मुलगी नाक धरून म्हणाली, "सांताला वास येतोय." कुणी पुड्यातली चॉकलेटं काढून मारायला लागलं. टोपी पडली, आणि सुटलेले पांढरे केस सगळ्यांसमोर तोंडावर आले.

मावशी हात वर करून उभी होती. कुणाला लागू नये म्हणून ती हलतही नव्हती, कारण पोरं तिच्या पायांत घुटमळत होती.

आया हसत होत्या. "अगं बास, बास रे," म्हणत हसत होत्या. मी हसत होते. माझा मोबाइल चालूच होता. मी एक शब्द बोलले असते तर ते थांबलं असतं. माझं घर होतं, माझी मुलगी होती. पण पार्टी पहिल्यांदाच रंगात आली होती.

तेवढ्यात त्या गलक्यात एक नवा आवाज मिसळला, सगळ्यांहून उंच. "शीवाली सांता! शीवाली सांता!" स्वयंपाकघराच्या दारात पंख लावलेली नात उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. सगळी मुलं एकच गोष्ट करत होती आणि तीसुद्धा आता त्यांच्यातली झाली होती. माझ्या मुलीनं तिचा हात धरून तिला आत ओढलं. ती उड्या मारत आली.

मावशीनं तो आवाज ओळखला. तिनं मान वळवली. तिचा त्या वेळचा चेहरा माझ्या व्हिडिओत आहे. दाढी गळ्याशी आली होती, म्हणून तो पूर्ण दिसतो.

ती आत गेली. पोशाख काढला, घडी केली, पिशवीत ठेवला. सांडलेलं पुसलं, ताटल्या धुतल्या. मी चहा देऊ केला तर "नको" म्हणाली. नातीला हाक मारली. ती यायला तयार नव्हती, तिला आता खेळायचं होतं. मावशीनं तिला दंडाला धरून नेलं. दोघी जिन्यात दिसेनाशा झाल्या आणि मग एक चापट वाजली. पोरीचं रडणं ऐकू येईल म्हणून मी थांबले. ते आलं नाही.

व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लावली. मलाही भरपूर रांगा आल्या. 'सुपर पार्टी', 'बेस्ट होस्ट'. रात्री झोपताना मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

व्हिडिओ ग्रुपमध्ये राहिला नाही. कुणी बाहेर पाठवला, कळलं नाही. तीन-चार दिवसांत तो गावभर फिरला, आणि त्याच्यासोबत एका माणसाचा आवाज जोडलेला होता, की शाळेतली ख्रिस्ती बाई कपडे बदलून लेकरांना वस्तू वाटतीय, बाटवायचं काम चाललंय. आदल्या वर्षी भांडलेले लोक पुन्हा संस्थेत जाऊन बसले.

मुख्याध्यापक बाईंचा मला फोन आला. "मॅडम, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. घरगुती कार्यक्रम होता, तुम्हीच त्यांना बोलावलं, तुम्हीच पोशाख घालायला सांगितला. मग मला त्यांना वाचवता येईल."

मी देते म्हटलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. दीरही होता. दीर म्हणाला, "वहिनी, कागदावर आपलं आडनाव जाईल. आन् मग आमचं काय?" सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला बोलावलंतं मुळात?" नवरा जेवून झोपला.

मी दोन ओळी लिहिल्या, पण त्या ग्रुपवर. 'सांता व्हायची आयडिया मावशींचीच होती. आम्हाला वाटलं गंमत म्हणून करतायत. त्यांच्या मनात दुसरं काही असेल असं वाटलं नव्हतं.'

कुणीही मला टोकलं नाही. त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या सगळ्यांनी वाचलं. आठवड्याच्या आत मावशीला कामावरून कमी केलं.

महिन्याभरानं ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. मी वरून पाहिलं. दोन गिऱ्हाइकं होती, दीरही बसला होता. ती ओरडायला लागली तर काय, या भीतीनं मी धावत खाली गेले.

"ताई, एकदा आमच्या गल्लीत या," म्हणाली. आवाज शांत होता. "जास्त वेळ न्हाई घेत."

मी गेले. पत्र्याचं घर, बाहेर तीन बायका बसलेल्या. मावशीनं मला खुर्ची दिली आणि त्यांना म्हणाली, "ह्याच त्या." मग माझ्याकडं वळली. "ताई, गल्लीत उठलंय की मी शाळेत चोरी केली म्हणून काडलं. देवळातसुद्धा बायका पर्सा जवळ ओढून घेत्यात. तुमी सांगा ह्यान्ला. मी चोरी केली का?"

"नाही," मी म्हटलं. "चोरी नाही केली."

एक म्हातारी पुढं सरकली. "मंग कावून काडलं हिला?"

"गैरसमज झाला."

"कुणाचा?" मावशीनं विचारलं.

घरातून नात पाण्याचा तांब्या घेऊन आली. शाळेचा गणवेश नव्हता अंगावर. तिनं मला तांब्या दिला आणि आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. मी पाणी प्यायले.

"शाळेत येऊन सांगता का?" मावशी म्हणाली. "चूक माझी न्हवती, तुमी घाल म्हणलात, एवढंच. काम न्हाई मागत मी. पोरीला तिथं तोंड वर करून बसता येईल."

"सांगते."

"कवा?"

"सोमवारी."

तिनं त्या तिघींकडं पाहिलं. "ऐकलं ना?" मग मला म्हणाली, "जा आता."

सोमवारी मी मुलीला स्कूटीवर घेऊन शाळेत गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. गेटातच मुख्याध्यापक बाई उभ्या होत्या. मला पाहून पुढं आल्या, माझा हात हातात घेतला. "मॅडम, बरं झालं भेटलात. ते सगळं निस्तरलं एकदाचं. यंदा गॅदरिंगच्या समितीत पालकांमधून तुमचं नाव घातलंय. तुमच्यासारखं नीट कुणी करत नाही."

मी थँक्यू म्हणाले. मुलीचं दप्तर तिच्या खांद्यावर अडकवलं. तिनं वर्गाकडं जाता जाता विचारलं, "मम्मी, आता माझ्या बाकावर कोण बसणार?"

"टीचर सांगतील," म्हटलं, आणि गाडी वळवली.